विद्यापीठांतल्या संशोधनाचा आपल्या बेळगाव भागातल्या सामान्य माणसाला खरंच काही उपयोग होतो का?

होतो, आणि उदाहरण बेळगावचंच आहे. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव थांबवायला ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन लागतं. ते थंड ठेवावं लागतं. खेड्यातल्या उपकेंद्रात किंवा घरच्या बाळंतपणात ते कुठून आणणार?

इथल्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाने मिसुरी-कॅन्सस सिटी विद्यापीठासह अन्य संशोधकांना सोबत घेऊन मिसोप्रोस्टॉलची गोळी तपासली. ती मुळात पोटातल्या अल्सरची! जिल्ह्यातल्या खेड्यांत १६२० बाळंतिणींना गोळी किंवा तशीच दिसणारी निरुपयोगी गोळी दिली गेली. देणाऱ्या कोण, तर एएनएम सिस्टर, म्हणजे गावात बाळंतपणं करणाऱ्या परिचारिका. अतिरक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं. २००६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या वापरासाठी गोळी आवश्यक औषधांच्या यादीत घातली.

यात स्त्रीरोगतज्ज्ञ होते तसे संख्याशास्त्रज्ञही लागले, आणि गावोगावच्या सिस्टर नसत्या तर काहीच जमलं नसतं. माझ्या मते खरी मेख तिथेच आहे. बाकी पीएचड्या पुष्कळ होतात. बऱ्याच कपाटातच राहतात, तेही खरं.

मुलांना शाखा निवडताना 'स्कोप' विचारता ना? संख्याशास्त्रही सुचवून बघा.