कोंबड्यांना कच्चं सोयाबीन टाकू नका

कुही तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलंय: "घरी २० गावरान कोंबड्या आणि ३० पिल्लं आहेत. सोंगणीच्या वेळी पाऊस आला, एक पोतं सोयाबीन डागी झालं, व्यापारी हात लावत नाही. गाय मूठभर आरामात खाते. कोंबड्यांना तसंच टाकलं तर चालेल का?" मौद्याच्या एका दादांनीही लाखोळी आणि हरभऱ्याबद्दल हेच विचारलंय.

ताई, तसंच टाकू नका. पिल्लांना तर अजिबात नको.

गाय रवंथ करते. तिच्या पोटातले सूक्ष्मजीव सोयाबीनमधला त्रासदायक भाग बराचसा मोडून टाकतात. कोंबडीला ती सोय नाही. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन इनहिबिटर असतात. प्रथिनं पचवणाऱ्या ट्रिप्सिन या पाचकरसालाच ते बांधून ठेवतात. मग शरीर आणखी रस बनवायला लागतं, स्वादुपिंड मोठं होतं, आणि त्या रसापायी मेथिओनिन आणि सिस्टिन ही अमिनो आम्लं खर्ची पडतात. पिसं फुटायला नेमकी हीच लागतात, आणि सोयाबीनमध्ये मुळातच ती कमी. म्हणून पिल्लू दिवसभर चरतं, पोट भरलेलं दिसतं, तरी अंगी लागत नाही. पंख विस्कटलेले, शेपटीखाली पातळ विष्ठा चिकटलेली. हे एका दिवसात दिसत नाही, त्यामुळे दोष हवेला दिला जातो. अंड्यावरची कोंबडी पिल्लापेक्षा जास्त सहन करते, पण तिचीही अंडी घटतात.

मळणीच्या वेळी खळ्यावर चार दाणे टिपले म्हणून घाबरू नका. रोजचा दाणा म्हणून कच्चं सोयाबीन देण्याला माझा विरोध आहे.

तुमच्या पोत्यातला माल आधी सुपात घेऊन निवडा. नुसता सुरकुतलेला, रंग उतरलेला दाणा वापरता येईल. काळपट-हिरवी बुरशी धरलेला, कुबट वास येणारा दाणा बाजूला काढा, तो कोणत्याच जनावराला नको. बुरशीचं अफ्लाटॉक्सिन हे विष उकळून किंवा भाजून जात नाही आणि कोंबडीचं यकृत खराब करतं. ताई, इथे जीव अडकतो हे मला कळतं, घामाचा माल आहे. पण त्या मुठीपायी ३० पिल्लं घालवू नका.

निवडलेलं सोयाबीन रात्रभर भिजवा, सकाळी ते पाणी फेका, नव्या पाण्यात खळखळ उकळी आल्यावर निदान अर्धा तास शिजवा. दाणा दोन बोटांत सहज चिरडला पाहिजे. नुसतं भिजवून किंवा मोड आणून काम भागत नाही. भाजायचं असेल तर कढईत थोडं थोडं घ्या, सारखं हलवा. साल तडकून कच्चा हिरवट वास गेला की उतरवा. करपलं तर त्यातलं प्रथिन वाया जातं. भाजलेल्याचा जाडसर भरडा करा, पण आठ-दहा दिवस पुरेल इतकाच, कारण सोयाबीनमध्ये १८ ते २० टक्के तेल असतं आणि भरडा लवकर खवट होतो.

प्रमाण सांभाळा. १० किलो खाद्यात १ ते दीड किलो भाजलेला भरडा, बाकी मका, ज्वारी, तांदळाची कणी, कोंडा. अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी शिंपल्याची चुरी वेगळ्या भांड्यात ठेवा, त्या गरजेपुरती खातात.

आता दादांचं. हरभरा आणि मूग यांत हे पचन अडवणारे घटक सोयाबीनपेक्षा बरेच कमी. भरडून, भिजवून थोडे दिले तर मोठ्या कोंबड्यांना चालतात. तूर, बरबटी (चवळी), पोपटाचे म्हणजे वालाचे दाणे शिजवूनच द्या. राजमा कच्चा किंवा अर्धवट शिजलेला कधीच नको, त्यातलं लेक्टिन आतड्याला इजा करतं आणि मंद आचेवर ते जात नाही.

लाखोळी मात्र मी पिल्लांना देऊच नका म्हणेन. तिच्यातल्या ओडॅप या घटकाचा परिणाम मज्जातंतूंवर होतो. माणसाचे पाय लुळे पडतात म्हणून १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदी आली होती. प्रतीक, रतन या वाणांत ओडॅप कमी आहे, पण कोठीतली लाखोळी कोणत्या वाणाची, हे कितीजण खात्रीने सांगतील? मोठ्या कोंबड्यांना द्यायचीच असेल तर गरम पाण्यात भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात शिजवा, तेही पाणी फेका, आणि अधूनमधून मूठभरच द्या.

आणखी एक गोष्ट कुणी विचारली नाही, पण मी डोळ्यांनी पाहिली आहे. एका घरी खुराड्यासमोर गुलाबी रंगाचे सोयाबीनचे दाणे विखुरलेले होते. पेरणीतून उरलेलं, बीजप्रक्रिया केलेलं बियाणं. आजी म्हणाल्या, "धुऊन टाकलं बाबू, रंग गेला की." धुण्याने औषध जात नाही. अशा औषधांत बरेचदा थायरम असतं. त्याने पिल्लांच्या पायांची हाडं बिघडतात, पिल्लू लंगडतं, बसून राहतं, आणि कोंबड्या मऊ कवचाची किंवा बिनकवचाची अंडी घालतात. ती अंडीही खाऊ नका. रंगवलेलं बियाणं कितीही उरलं तरी दाण्यात मिसळू नका, दळू नका, शिजवू नका. विहीर आणि नाल्यापासून दूर खोल खड्ड्यात पुरा, आणि ते पोतं पुन्हा धान्याला वापरू नका.