उल्का आपणहून पडतात, मग बेन्नूपर्यंत कशासाठी जायचे?

प्रश्न : मी नाशिकला राहते, आमची शेती निफाड तालुक्यात आहे. बेन्नू या लघुग्रहावरून अमेरिकेच्या यानाने जेमतेम १२१ ग्रॅम माती आणली, असे वाचले. उल्का तर पृथ्वीवर आपणहून पडतात. मग एवढ्याशा मातीसाठी सात वर्षे घालवण्याचे कारण काय? आणि बेन्नू पृथ्वीवर आदळणार आहे, हे खरे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या प्रश्नाचे उत्तर शेतापासूनच सुरू करतो. निचरा नसलेल्या सखल जमिनीत उन्हाळ्यात ओल वर येते, पाणी उडून जाते आणि मातीवर पांढरी खार फुटते. पहिल्या दमदार पावसात तीच खार विरघळून दिसेनाशी होते. बेन्नूच्या मातीत सापडलेली सर्वांत मोलाची वस्तू, माझ्या मते, अशीच खार आहे. धुण्याच्या सोड्याच्या जातीचे सोडियम कार्बोनेट, फॉस्फेट आणि साधे मीठही त्या कणांत मिळाले. बेन्नू ज्या मोठ्या पिंडाचा तुकडा आहे, त्या पिंडात सुमारे ४५० कोटी वर्षांपूर्वी खारे पाणी होते आणि ते हळूहळू आटत गेले, याचा हा पुरावा आहे.

उल्केत हा पुरावा टिकणे फार अवघड असते. वातावरणातून येताना तिचा पृष्ठभाग जळतो, जमिनीवर तिला पाऊस आणि जंतू लागतात, आणि संग्रहालयातल्या कपाटातही हवेतील दमटपणा असे क्षार विरघळवतो किंवा बदलून टाकतो. म्हणूनच पृथ्वीची हवा न लागलेली माती हवी होती.

ही माती आणणारे अमेरिकेचे ओसायरिस-रेक्स यान ८ सप्टेंबर २०१६ रोजी निघाले. २० ऑक्टोबर २०२० रोजी त्याचा हात बेन्नूला काही सेकंदच टेकला, पण पृष्ठभाग इतका भुसभुशीत होता की धान्याच्या राशीत हात जावा तसा तो आत रुतला. नायट्रोजन वायूच्या झोताने उडालेली माती डब्यात शिरली. डब्याच्या झडपेत खडे अडकल्यामुळे काही कण निसटले, तरी २४ सप्टेंबर २०२३ रोजी युटाच्या वाळवंटात उतरलेल्या कुपीतून १२१.६ ग्रॅम माती मिळाली. डब्याच्या ३५ स्क्रूंपैकी दोन निघेनात, तेव्हा बळजबरी न करता त्यासाठी नवी अवजारे घडवण्यात आली आणि जानेवारी २०२४ मध्ये तो उघडला. तोपर्यंत माती कोरड्या नायट्रोजनमध्येच होती. हा संयम मला या मोहिमेतला सर्वांत आदरणीय भाग वाटतो.

जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, सजीवांची प्रथिने ज्या २० अमिनो आम्लांपासून बनतात त्यांपैकी १४ या मातीत आहेत, आणि डीएनए व आरएनए यांचे पाचही नत्रयुक्त घटक आहेत. याचा अर्थ तेथे जीव होते असा नाही. अमिनो आम्लांच्या रेणूंची रचना डाव्या-उजव्या हातांसारखी, म्हणजे एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखी, दोन प्रकारची असू शकते; सजीव जवळजवळ केवळ डाव्या रचनेची अमिनो आम्ले वापरतात. बेन्नूवर मात्र डावी आणि उजवी जवळपास सारखी आढळली, म्हणजे ती निव्वळ रासायनिक क्रियांतून तयार झाली.

आदळण्याविषयी : सर्वाधिक शक्यता २४ सप्टेंबर २१८२ या दिवसाची आहे, आणि तीही सुमारे २,७०० मध्ये एक, म्हणजे ०.०४ टक्क्यांहून कमी. यानाने बेन्नूजवळ राहून त्याच्या कक्षेची मोजमापे घेतली, म्हणूनच हे गणित इतके नेमके मांडता आले.