दुसरीतल्या मुलाच्या हाती कोणता खेळ द्यावा?

प्रश्न : माझा मुलगा दुसरीत आहे. फोनवर त्याला मजा येईल आणि काही शिकताही येईल, असा खेळ सुचवाल का? (एक आई, सातारा)

उत्तर : ताई, ‘जीकॉम्प्रिस’ अवश्य पाहा. 2 ते 10 वर्षांच्या मुलांसाठी असलेल्या शैक्षणिक खेळांच्या या विनामूल्य संचात जाहिराती नाहीत, आणि माझ्या मते निवडीची पहिली कसोटी हीच, कारण जाहिरातींमुळे मुलांचे लक्ष हमखास विचलित होते. त्यात तराजूच्या पारड्यात वजने टाकून तो समतोल करायचा असतो; पारडे खाली गेले, की कोणते वजन काढावे याचा हिशेब मूल मनातल्या मनात करू लागते. घड्याळाचे काटे बोटाने फिरवून सांगितलेली वेळ दाखवण्याचा खेळही दुसरीच्या अभ्यासाशी जुळतो. सुरुवातीचे काही दिवस मात्र त्याच्याशेजारी बसून खेळा.