एआयने लिहिलेलं 'स्तोत्र १५१' होड्यांच्या आशीर्वादाला वाचावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पावसाळी मासेमारीबंदी उठली की बंदरावर होड्यांना आशीर्वाद द्यायचा आहे. गावातल्या पोरांनी एआयकडून दर्यावर्दींसाठी स्तोत्र लिहून घेतलं, बायबलमधल्या १५० स्तोत्रांच्या पुढचं म्हणून त्याला 'स्तोत्र १५१' नाव दिलं आणि आता ते व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय. हे पाप आहे का, आणि ते वाचावं का?

प्रार्थना म्हणून वाचायला हरकत नाही. स्तोत्र म्हणून नको.

शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, ढंगात लिहिणं हा गुन्हा नाही. फादर स्टीफन्स यांनी बायबलची कथा मराठी ओव्यांत रचली आणि ते क्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यातल्या राशोलला छापलं गेलं. ओव्या सुमारे ११ हजार, पण कोणी त्याला शुभवर्तमान (बायबलमधली येशूची कथा) म्हटलं नाही. पुस्तक पुराण म्हणून आणि रचणाऱ्याच्या नावानिशी लोकांपुढे आलं. याउलट इ.स. २०० च्या सुमारास तर्तुल्यन हा आद्य ख्रिस्ती लेखक एका धर्मगुरूची हकिगत सांगतो. त्या धर्मगुरूने प्रेषित पौलाच्या नावावर लेखन खपवलं, पकडला गेल्यावर 'पौलावरच्या प्रेमापोटी केलं' असं म्हणाला, तरी पद गेलंच. तुमच्या पोरांचा हेतूही चांगलाच असणार. अडचण नावात आणि आकड्यात आहे. बायबलमधल्या यिर्मया २३:३०-३१ मध्ये एकमेकांपासून वचनं चोरून ती 'परमेश्वराची वाणी' म्हणून सांगणाऱ्या संदेष्ट्यांना देव धारेवर धरतो. या यंत्राच्या कामाला याहून चपखल उतारा मला माहीत नाही.

शिवाय १५१ वं स्तोत्र खरोखरच आहे! ग्रीक बायबलमध्ये ते दाविदाच्या नावावर आहे आणि ते 'आकड्याबाहेरचं' असं त्याच्या मथळ्यातच लिहिलंय. ऑर्थोडॉक्स मंडळ्या ते मानतात. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट बायबलमध्ये स्तोत्रं १५०च.

आता तपासणी. हे यंत्र पुस्तक उघडून बघतंच असं नाही. आधीच्या शब्दांवरून पुढचा शब्द कोणता शोभेल ते ठरवतं, आणि अध्याय-वचनाचे आकडेही तसेच शोभतील असे घालतं. मराठीत भाषांतरं अनेक असल्याने एकाची अर्धी ओळ दुसरीला चिकटते आणि वाचताना संशयही येत नाही. म्हणून आधी पत्ता, म्हणजे अध्याय-वचनाचा आकडा, बघा. फिलिप्पैकरांस पत्राचे अध्याय ४, याकोबाचे ५, यहूदाचा एकच; 'फिलिप्पै ५:७' दिसलं की तिथेच थांबा. पत्ता खरा निघाला तर छापील बायबल उघडून मागची-पुढची पाच वचनं वाचा. लूक ४ मध्ये सैतान स्तोत्र ९१ म्हणून दाखवतो ते खरंच आहे, फक्त 'तुझ्या सर्व मार्गांत' एवढे शब्द गाळतो. एक सावधगिरी: वसईच्या कॅथलिक घरातल्या बायबलमध्ये ७३ पुस्तकं असतात, वेंगुर्ल्याच्या प्रॉटेस्टंट घरात ६६. तोबीत हे त्या जादा पुस्तकांपैकी एक; त्याचं वचन वेंगुर्ल्याला सापडलं नाही म्हणून ते यंत्राने रचलं असा गवगवा करू नका.

होड्यांसाठी नवीन काही हवंच का, हा माझा उलटा प्रश्न. स्तोत्र १०७:२३-३० वाचा. लाटा खलाशांना आभाळाला भिडवतात, तळाला नेतात, ते दारुड्यासारखे झोकांड्या खातात, अक्कल चालेनाशी होते, मग धावा करतात आणि इच्छिलेल्या बंदराला लागतात. यंत्राच्या स्तोत्रात सहसा झोकांड्या नसतात; सगळी शांती, कृपा आणि भरलेली जाळी. ज्याने वादळ पाहिलंय त्याला ते गुळमट लागतं. शुभवर्तमानातून वाचायचं तर मार्क ४:३५-४१ किंवा लूक ५:१-११ घ्या. आशीर्वाद मिस्सात (कॅथलिक उपासनेत) असेल तर प्रश्नच मिटला, कारण शास्त्रवाचन आणि प्रतिसादस्तोत्राच्या जागी बायबलबाहेरचा मजकूर घ्यायला चर्चची मनाई आहे.

पोरांचा मजकूर शेवटी, समारोपाची प्रार्थना म्हणून ठेवता येईल. 'स्तोत्र' शब्द आणि वचनांचे आकडे काढा. 'प्रभू म्हणतो' असेल तिथे 'प्रभो, आम्ही विनवतो' करा. खाली लिहा: 'एआयच्या मदतीने गावातल्या तरुणांनी रचलेली प्रार्थना'. छापण्याआधी फादरांना किंवा पाळकांना दाखवा.

ग्रुपवर फिरणाऱ्या मजकुराबद्दल आधी पाठवणाऱ्याला एकट्याला गाठून सांगा, मत्तय १८:१५ प्रमाणे. त्यानेच तो सर्वांसाठी डिलीट करून स्तोत्र १०७ टाकलं तर उत्तम. डिलीटची मुदत उलटली असेल, तर त्याच मेसेजला रिप्लाय करून दुरुस्ती लिहायला सांगा. वेगळा मेसेज टाकला तर दुरुस्ती कोणत्या मजकुराची ते कळत नाही.