कोहलीचं पोस्टर भिंतीवर ठेवायचं की काढायचं?

मेलबर्नहून एका आईचं पत्र आलंय, ओळख पटेल असं सगळं काढून आणि जरा छोटं करून देतेय.

"ताई, आमचा मुलगा ११ वर्षांचा, जन्म इथलाच, अंडर-१२ मधे खेळतो. २०२४ च्या बॉक्सिंग डे टेस्टला आम्ही सगळे एमसीजीवर (इथलं मोठं मैदान) होतो, कोहलीने ऑस्ट्रेलियाच्या त्या नव्या ओपनरला, कॉन्स्टासला, खांदा मारला तो दिवस. माझा नवरा उभा राहून ओरडत होता, असंच पाहिजे यांना म्हणून. आता मागच्या शनिवारी आमच्या चिरंजीवांनी ओव्हर संपल्यावर समोरच्या टीमच्या ओपनरला मुद्दाम जाऊन खांदा मारला. कोचने बाहेर बसवलं. घरी येऊन म्हणतो विराटने पण मारला होता, आणि बाबा म्हणाले होते बरोबर केलं. नवरा म्हणतो जाऊदे गं, मुलांचं चालायचंच. सासरे सांगलीहून व्हिडिओ कॉलवर सांगतात की सचिनने आयुष्यात असं केलं नाही. मी वैतागून पोस्टर काढायला निघाले तर मुलगा रडायला लागला. एवढे पैसे, एवढं नाव, लाखो मुलं बघतात, मग या लोकांनी चारचौघात बाकीच्यांपेक्षा नीट वागायला नको का? आणि कोचला मी मेसेज करू का?"

अगं, पोस्टरला आधी हात लावू नकोस. रडवून काढलेलं पोस्टर हे मुलाच्या डोक्यात कायमचं लागतं आणि त्यात चूक कोहलीची नाही तर तुझी ठरते.

आधी झालं काय ते नीट बघू कारण घरात प्रत्येकजण आपापल्या सोयीचं सांगतोय. २६ डिसेंबरला कॉन्स्टासची पहिलीच टेस्ट, वय १९, आणि पोरगा बुमराहला उलटे रॅम्प, म्हणजे बॅट फिरवून मागच्या बाजूला फटके, मारतोय, बघणाऱ्याला विश्वास बसेना. दहाव्या ओव्हरनंतर एंड बदलताना कोहली आपली वाट सोडून त्याच्याकडे चालत गेला आणि खांद्याला खांदा लागला. मी टीव्हीवर चारपाच वेळा बघितलं, मला तरी ते चुकून झालेलं वाटलं नाही, ऑस्ट्रेलियाचा जुना कॅप्टन पाँटिंगही कॉमेंट्रीत तेच म्हणत होता. मॅच रेफ्रीने मॅच फीच्या २० टक्के दंड केला, एक डिमेरिट पॉइंट (गैरवर्तनाची नोंद) दिला, कोहलीने आरोप मान्य केला, सुनावणी सुद्धा झाली नाही. कॉन्स्टास स्वतः संध्याकाळी म्हणाला की भावनेच्या भरात झालं, क्रिकेटमधे होतं असं. दुसऱ्या दिवशी एका ऑस्ट्रेलियन पेपरने मात्र कोहलीला विदूषकाचं लाल नाक लावून मागचं अख्खं पान छापलं. म्हणजे ज्याला खांदा लागला त्याचं दोन वाक्यात मिटलं आणि बाकीचे सगळे अजून त्यावर जेवतायत, तुझ्या घरासकट.

आता तुझा प्रश्न, की यांना जास्त कडक माप लावायचं का. माझं मत हो आहे, पण सगळ्या बाबतीत नाही, आणि मुख्य म्हणजे माप दोन्हीकडे एकच पाहिजे. खरं सांगू का, तुझ्या पत्रात मला कोहलीपेक्षा तुझा नवराच जास्त दिसला. मुलाने खांदा मारला तो कोहलीने मारला म्हणून नाही, बाबांनी उभं राहून ओरडून दाद दिली म्हणून. हाच खांदा कॉन्स्टासने कोहलीला मारला असता तर त्याच बाबांनी "हे गोरे असेच" म्हणून गाडीत घरी येईपर्यंत लेक्चर दिलं असतं की नाही, त्यांना विचार. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, आणि इकडे वाढणाऱ्या मुलांना हे फार लवकर कळतं गं, कारण त्यांच्या वर्गात अर्धे मित्र त्या दुसऱ्या बाजूचे असतात, सोमवारी डबा खाताना त्यांना उत्तर द्यावं लागतं, आपल्याला नाही.

ऑस्ट्रेलियाचंच उदाहरण घे, २०१८ मार्च, केपटाऊन. त्यांच्या बॅनक्रॉफ्टने बॉल खरखरीत करायला खिशातून पिवळा सँडपेपर काढला, मोठ्या स्क्रीनवर दिसल्यावर पँटच्या आत कोंबला, अंपायरला चष्मा पुसायचं फडकं दाखवलं, मग प्रेस कॉन्फरन्समधे म्हणे टेप होती. आयसीसीने, म्हणजे क्रिकेटच्या जागतिक संस्थेने, कॅप्टन स्मिथला एका टेस्टची बंदी आणि पूर्ण मॅच फी एवढीच शिक्षा केली. बॉलला काहीतरी लावण्याच्या बाबतीत तोवर रेट साधारण तसाच होता, २०१६ मधे होबार्टला तोंडातल्या मिंटची लाळ बॉलला लावली त्या प्रकरणात दक्षिण आफ्रिकेचा कॅप्टन डुप्लेसीची मॅच फी गेली पण कॅप्टनशिप राहिली, आणि केपटाऊनला समोरचा कॅप्टन तोच होता बघ. आपला द्रविडसुद्धा २००४ मधे ब्रिस्बेनला बॉलला खोकल्याची गोळी लावल्यावरून अर्धी मॅच फी भरून बसलाय, हे सासऱ्यांना सांगू नकोस, त्यांना झोप लागणार नाही. पण ऑस्ट्रेलियाने स्वतःच्या माणसांना नियमापेक्षा जास्त कडक माप लावलं. स्मिथ आणि व्हाइस कॅप्टन वॉर्नर १२ महिने बाहेर, बॅनक्रॉफ्ट ९ महिने, कोचने राजीनामा दिला, पंतप्रधान टीव्हीवर नाराजी सांगत होते. तेव्हा आपले सगळे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप कसे खुशीत होते आठवतंय ना, आमचा तर होता.

स्मिथ सिडनी एअरपोर्टवर उतरला, माइकसमोर उभा राहिला आणि त्याला बोलवेना, तेव्हा मागे त्याचे वडील उभे होते, त्यांचा हात त्याच्या खांद्यावर. त्यांनी मुलाची बाजू मांडली नाही, रिपोर्टरवर ओरडले नाहीत, आणि मुलाला सोडूनही गेले नाहीत. ती क्लिप तुझ्या नवऱ्याला दाखव, माझ्या उत्तरातलं बाकी काही वाचलं नाही तरी चालेल.

आणि आता मुलाला सांगायची गोष्ट, जी मला वाटतं घरात कोणीच त्याला सांगितलेली नाहीये. २०१९ चा वर्ल्डकप, जून महिना, लंडनचं ओव्हल, इंडिया-ऑस्ट्रेलिया. स्मिथ शिक्षा भोगून परत आलेला, बाउंड्रीजवळ फील्डिंगला, आणि स्टँडमधले आपलेच लोक त्याला चीटर चीटर ओरडतायत. कोहली बॅटिंग करत होता. खेळ थांबला तसा तो त्या स्टँडकडे वळला आणि हाताने खूण केली की हे काय चाललंय, टाळ्या वाजवा. नंतर प्रेसमधे त्याने स्पष्ट सांगितलं की लोकांच्या वतीने मी स्मिथला सॉरी म्हणालो. आयसीसीने त्या वर्षीचं स्पिरिट ऑफ क्रिकेट अवॉर्ड त्याला याच गोष्टीसाठी दिलं. तर पोस्टरवरचा माणूस हा पण आहे आणि खांदा मारणारा पण तोच आहे. ११ वर्षांच्या मुलाला दोन्ही एकत्र समजतं, आपल्यालाच समजवून सांगायला जड जातं कारण आपल्याला देव तरी पाहिजे नाहीतर राक्षस तरी.

देवावरून सासरे आले. सचिनचं त्यांचं बरोबर आहे, बऱ्यापैकी. पण २००१ मधे पोर्ट एलिझाबेथला रेफ्री माइक डेनेसने सचिनलाही दंड आणि एका टेस्टची स्थगित बंदी दिली होती, अंपायरला न सांगता बॉलची शिवण साफ केली म्हणून, आणि आपल्याकडे रस्त्यावर पुतळे जळाले ते डेनेसचे. भेट मिळालेल्या फेरारी गाडीवरची ड्युटी माफ झाली तेव्हाही केवढी बोंबाबोंब झाली, शेवटी ती कंपनीने भरली. मला यातून सचिनला खाली ओढायचं नाहीये, मी स्वतः शिवाजी पार्कवाली आहे, मला घरी जायचंय. सांगायचं एवढंच की आजोबांनी नातवाला सचिन सांगायचाच असेल तर दुसरी गोष्ट सांगावी. १९९६ च्या वर्ल्डकपमधे सचिन कोऱ्या बॅटने खेळला, बॅटवर स्टिकर नव्हता, आणि तंबाखू-दारूच्या जाहिराती त्याने घेतल्या नाहीत कारण वडिलांना तसा शब्द दिला होता, हे त्याने स्वतः कितीतरी वेळा सांगितलंय. वडील कॉलेजात मराठीचे प्रोफेसर, क्रिकेटशी तसा संबंध नाही.

आणि कडक माप कुठे लावायचं हे मला इथे दिसतं. खांद्याची किंमत २० टक्के, मिटलं, पण स्वतःचा चेहरा विकताना यांना कोण विचारतं? एवढे मोठमोठे माजी खेळाडू पानमसालावाल्यांच्या वेलचीच्या जाहिरातीत हसत उभे असतात, आणि वेलची कशासाठी आहे हे आपल्या गल्लीतल्या पोरालाही माहितीये. फँटसी अ‍ॅपवर टीम लावा म्हणून वर्षानुवर्षं सांगत होते, २०२५ च्या ऑगस्टमधे सरकारने कायदा करून पैशाचे ऑनलाइन गेम बंद केले तेव्हा कुठे त्या जाहिराती थांबल्या, तोवर एकालाही वाटलं नाही की आपण काय विकतोय. तुमच्याकडे फुटीच्या (ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या) मॅचमधे बेटिंगच्या जाहिराती बघ, माझ्या भाच्याला पाढे येत नाहीत पण ऑड्स (पैजेचे भाव) येतात. ज्याने माझ्या मुलाचं प्रेम वापरून पैसे कमावले त्याला मी जास्त जाब विचारणार, सरळ हिशोब आहे. कॅप्टनलाही विचारणार, कारण ते पद मागून घेतलेलं असतं.

बायकांबद्दल काय बोलतात हे पण त्यातच आलं. २०१९ जानेवारीत हार्दिक पंड्या आणि के. एल. राहुल टीव्ही शोमधे जे काही बोलले त्यावरून त्यांना ऑस्ट्रेलियाच्या टूरवरून परत पाठवलं, नंतर प्रत्येकी २० लाख दंड झाला. त्या वेळी आमच्या ओळखीतले बरेच बाप म्हणत होते की एवढं काय झालं त्यात. एवढंच झालं की तुमच्या घरात मुलगी आहे आणि ती ऐकतेय.

बाकी मात्र सोडून द्यावं. कोण कोणाशी लग्न करतो, घटस्फोट घेतो, मॅच हरल्यावर हॉटेलात जेवतो, देवळात जातो की नाही, यात आपण कोण? त्यांची बायको ग्राउंडवर आली म्हणून विकेट गेली असं लिहिणारे लोक आपल्यातच आहेत. पोलीस केस झाली तर कायदा तुम्हाला मला तोच त्यांना, कमी पण नाही जास्त पण नाही. जोकोविचचं बघितलंस ना तुमच्याच गावात २०२२ मधे, अख्खं मेलबर्न महिनोन्महिने घरात कोंडलेलं आणि हा लस न घेता आला, विसा रद्द होऊन परत गेला. लोकांनी त्याच्याकडे काही जास्तीचं मागितलं नव्हतं, आपल्याला जो नियम तोच त्याला एवढंच.

आणि एक सांगते कारण तुमची मुलं इथे वेगळ्या रंगाची म्हणून वाढतायत. जास्त कडक माप हे सगळ्यांना सारखं लागत नाही. अ‍ॅडम गुड्स, तिथला आदिवासी फुटी खेळाडू, सिडनी स्वॉन्स टीमचा, सर्वोत्तम खेळाडूची दोन ब्राउनलो मेडल, २०१४ चा ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर, त्याला वंशावरून शिवी दिली गेली तेव्हा तो गप्प बसला नाही, आणि मग २०१५ च्या सीझनमधे ठिकठिकाणच्या ग्राउंडवर लोकांनी त्याला हूट केलं, शेवटी तो खेळायचा थांबला. फुटीच्या लीगने माफी मागितली ती २०१९ मधे. तेव्हा काय म्हणायचे लोक, की स्टार आहेस तर मोठ्या मनाने घे. खेळाडूने नीट वागावं म्हणताना आपल्याला त्याने गप्प बसावं असं तर म्हणायचं नाहीये ना, हे तपासायला पाहिजे. तुझ्या मुलाला उद्या कोणी करी-मंचर (भारतीयांना हिणवायची शिवी) म्हणालं तर त्याने खांदा मारू नये हे खरं, पण त्याने अंपायरकडे जाऊन सांगावं, मोठ्याने, हे पण शिकव.

आता शनिवारचं. अंडर-१२ मधे आईबापच अंपायरिंग आणि स्कोअरिंग करतात ना तुमच्याकडे, तर नवऱ्याचं नाव या टर्मच्या अंपायरिंगच्या रोस्टरमधे घाल. खरंच सांगतेय. पांढरी हॅट घालून डोक्यावर ऊन घेत दोन तास उभं राहिलं, सहा दगड एका खिशातून दुसऱ्या खिशात टाकत बॉल मोजले, आणि दुसऱ्याचं पोरगं आपल्या पोराला काहीतरी पुटपुटताना ऐकूनही दोघांना सारखंच दटावावं लागलं की माणूस आपोआप सरळ होतो, माझा घरचा अनुभव आहे. पोरालाही बाबा न्यूट्रल असलेले एकदा बघूदे. पहिल्याच मॅचला एलबीडब्ल्यू द्यायची वेळ आली आणि बॅटवर स्वतःचाच मुलगा असला तर मला जरूर कळव, मी पुढच्या वेळी छापते.

कोचला तू मेसेज करू नकोस. त्याने बाहेर बसवलं, त्याच्या दृष्टीने विषय संपला, आईचा लांबलचक सॉरी मेसेज आला की तो परत सुरू होतो. बोलायचंय ते त्या ओपनरशी आणि तेही मुलाने. पुढच्यांदा त्या क्लबशी मॅच कधी आहे बघ, नसेल लवकर तर टीम मॅनेजरकडून त्याच्या पालकांचा नंबर घे आणि मुलाच्या हातात फोन दे, तू स्पीकरवर ठेवून शेजारी बसू नकोस. "सॉरी, मी मुद्दाम केलं होतं" एवढं म्हणायचं, त्यातलं मुद्दाम गाळायचं नाही आणि विराटचं नाव आणायचं नाही. आणि प्लीज, हे सगळं झाल्यावर टीमच्या ग्रुपवर टाकू नकोस.