६० सेंमीच्या आर्केड पॅनलवर ८-८ बटणं, ट्रॅकबॉल, स्पिनर... सगळं बसेल का?

तुमचा प्रश्न असा की घरी आर्केड कॅबिनेट (गेम पार्लरमधल्यासारखं उभं मशीन) बनवताय, पॅनल ६० सेंमी रुंद आणि १८ मिमी एमडीएफचा, त्यावर दोन प्लेयर, प्रत्येकी ८ बटणं, मधोमध ट्रॅकबॉल (हाताने फिरवायचा गोळा), शेजारी स्पिनर (गोल फिरणारी मूठ) आणि वर जुन्या गेम्ससाठी वेगळी ४-वे स्टिक (फक्त वर, खाली, डावीकडे, उजवीकडे चालणारी), तर लेआउट कसा करू.

नाही बसणार हो. म्हणजे कागदावर बसेल, गोल काढत गेलं की सगळं मावतं, माझंही पहिल्या वेळी मस्त मावलं होतं. पण कागदावर आपण बटणं काढतो, हात काढत नाही ना.

हिशोबच करून बघा. ३० मिमीच्या बटणाची वरची कड साधारण ३३ मिमीची असते, त्यामुळे दोन बटणांच्या मध्यबिंदूत मी ३६ मिमी ठेवतो, त्याहून कमी केलं तर कडा घासतात आणि जास्त केलं तर बोटं ताणली जातात. स्टिकच्या मध्यापासून पहिल्या बटणाच्या मध्यापर्यंत ७० मिमी धरा. ८ बटणं म्हणजे चार कॉलम, म्हणजे तीन गॅप, १०८ मिमी. शेवटच्या बटणाचा अर्धा भाग १७, आणि स्टिकच्या डावीकडे मूठ फिरायला निदान ६५. झाले एका प्लेयरचे २६० मिमी. दोघांचे ५२०. उरले ८ सेंमी, आणि त्यात पहिल्याचा उजवा हात आणि दुसऱ्याचा डावा हात एकमेकांना लागणार ते वेगळंच. ट्रॅकबॉलचा नुसता बॉलच ७६ मिमीचा, मोठा साइज घेतला तर, वरची प्लेट आणि खालचा डबा धरलाच नाहीये अजून.

आता हेच ६ बटणांवर करा. एक कॉलम गेला, प्रत्येकाचे ३६ मिमी वाचले, मध्ये १५ सेंमी मोकळे झाले. आता बोलता येईल ट्रॅकबॉलबद्दल.

तर माझं पहिलं म्हणणं, ती ८ बटणं सोडा. ती आर्केडमधून आलेलीच नाहीत, ती आली कन्सोलच्या फाइटस्टिकवरून (कन्सोलला जोडायचा स्टिक-बटणांचा डबा), कारण कन्सोलच्या पॅडवर पुढची चार आणि खांद्याची चार असतात. जुन्या मशीन बघा, पॅकमॅन १९८० चा, त्याला खेळायला एकही बटण नाही, फक्त स्टिक. डाँकी काँगला १९८१ मध्ये एकच, उडी मारायचं. नियो जिओला चार. स्ट्रीट फायटर २ आला १९९१ मध्ये, त्याला सहा, वर तीन पंच खाली तीन किक, आणि बहुतेक घरगुती पॅनल अजून त्याच साच्यावर बनतात. मॉर्टल काँबॅटची पाच बटणं मूळ मशीनवर एक्सच्या आकारात होती, मध्ये ब्लॉक, पण सहाच्या लेआउटवर वरच्या रांगेत मधलं बटण ब्लॉकला दिलं की चालून जातं, हाताला दोन दिवसांत सवय होते.

हां, कन्सोलचे गेमही याच कॅबिनेटवर खेळायचे असतील तर ८ लागतील, मग ट्रॅकबॉल विसरा. दोन्ही हवं असेल तर पॅनल रुंद करा, पण मग तो कॅबिनेटच्या बाहेर पंखासारखा येतो आणि येता जाता कंबरेला लागतो. इंग्रजीत अशा पॅनलला फ्रँकेनपॅनल म्हणतात, नाव अगदी बरोबर ठेवलंय.

मला वाटतं तुम्ही आधी एक कागद घ्या आणि तुम्ही (आणि घरातले बाकीचे) खरंच खेळणार आहात असे वीस गेम लिहा. "असावेत" म्हणून नाही, खेळणार म्हणून. मी पहिला पॅनल बनवला तेव्हा मला रोबोट्रॉनसाठी दोन स्टिक हव्या होत्या, टेंपेस्टसाठी स्पिनर हवा होता, डिफेंडरची पाच बटणं पण तशीच्या तशी पाहिजे होती, आणि शेवटी वर्षभर काय खेळलो तर तेच ते चार-पाच गेम. स्पिनरवर धूळ. आणि रोबोट्रॉन तर एकट्याने दोन्ही प्लेयरच्या स्टिक धरूनही खेळता येतो, थोडं हात पसरून उभं राहावं लागतं एवढंच.

मग पुठ्ठा. जाड पुठ्ठा घ्या, पॅनलच्या मापाचा कापा, त्याला भोकं पाडा आणि खरी बटणं आणि खरी स्टिक त्यात बसवा, वायरिंगसकट, आणि ज्या उंचीवर कॅबिनेट येणार आहे त्याच उंचीच्या टेबलावर ठेवून आठवडाभर खेळा. उभं राहून खेळायचं असेल तर जमिनीपासून ९० ते ९५ सेंमी बऱ्याच जणांना बरं पडतं, पण तुमचा कोपर कुठे येतो ते बघा, पॅनल कोपराच्या थोडा खाली हवा. पुठ्ठ्यावर भोक सरकवायला दोन मिनिटं लागतात, एमडीएफवर पाडलेलं भोक सरकत नाही, बुजवावं लागतं आणि बुजवलेलं कायम दिसतं. माझ्याकडे एक आहे असं. ओव्हरलेखाली (पॅनलवर चिकटवायच्या चित्राच्या थराखाली) झाकलंय पण मला माहितीये ते कुठे आहे.

लेआउट सरळ रांगेत करायचा का वक्र, यावर लोक तासन् तास भांडतात. हात टेबलावर सैल टाकून बघा, तर्जनी आखूड, मधलं बोट लांब, अनामिका त्याहून जरा मागे. जपानी पॅनलवर बटणं या रेषेत असतात, पहिला कॉलम खाली आणि पुढचे दोन वर, सरळ रांगेत मनगट वाकतं. मी वक्रच करा म्हणेन. पण स्वतःच्या हाताचा ठसा घेऊन त्यावर तंतोतंत बटणं लावू नका, मी तेही केलंय, मला छान बसलं आणि मुलीची बोटं पोचेनात. आणि पुढच्या कडेपासून खालच्या रांगेपर्यंत तळवा टेकायला जागा सोडा, ८-९ सेंमी तरी, आणि ती कड गोल करा, नाहीतर अर्ध्या तासात मनगटावर रेघ उमटते.

आता ४-वे. ही मागणी मला पटते, कारण तिरक्या दिशाही घेणाऱ्या ८-वे स्टिकवर पॅकमॅन खेळताना खरंच चिडचिड होते. उजवीकडे चाललाय, वर वळायचंय, स्टिक कोपऱ्यातून जाते तेव्हा उजवा आणि वरचा असे दोन्ही मायक्रोस्विच एकदम दाबलेले असतात, गेमला कळत नाही काय करायचं आणि वळण हुकतं. डाँकी काँगच्या शिड्यांवर पण हेच. पण त्यासाठी वेगळी तिसरी स्टिक लागतेच असं नाही. स्टिकच्या खाली एक प्लेट असते, रेस्ट्रिक्टर गेट म्हणतात तिला, चौकोनी, अष्टकोनी, गोल अशा मिळतात, आणि काही स्टिकमध्ये ती फिरवून ४-वे करता येते, काहींमध्ये तर पॅनल न उघडता दांडा वर ओढून फिरवला की होतं. पहिल्या प्लेयरला अशी एक घ्या, विषय संपला. तिसरी स्टिक वरच्या बाजूला लावाल तर ती वापरायला बटणांवरून हात पुढे न्यावा लागतो आणि मनगटाने खालची बटणं दाबली जातात.

ट्रॅकबॉलचं सांगतो, कारण तिथे मी सगळ्यात जास्त माती खाल्ली. मिसाइल कमांड आणि सेंटिपीडसाठी हवाच होता मला, मध्ये वरती स्क्रीनला चिकटून बसवला, दिसायला काय देखणा. सेंटिपीडमध्ये माणूस बॉलला जोरात पुढे झटका देतो, हात बॉलवर थांबत नाही, पुढे जातो. पुढे काय तर स्क्रीनची फ्रेम. पहिल्याच संध्याकाळी बोटांची पेरं सोलली. बॉलच्या पुढे आणि मागे पूर्ण हात जाईल एवढी मोकळी जागा पाहिजे, पुठ्ठ्यावर एखादी वाटी उपडी ठेवून हात झटकून बघा, लगेच कळेल. आणि बॉलजवळ एक बटण डाव्या हातासाठी ठेवा, दुसऱ्या प्लेयरची बटणं उजवीकडे असतात, ती बॉल फिरवताना हाताला येत नाहीत. स्पिनर मात्र वगळा, ट्रॅकबॉलचा आडवा अक्ष स्पिनरसारखा चालतो, आर्कनॉइड खेळता येतो त्यावर, अस्सल मजा नाही पण ८० टक्के भागतं.

१८ मिमी एमडीएफ घ्यायला हरकत नाही पण दोन भानगडी आहेत. एक, क्लिपवाली स्नॅप-इन बटणं पातळ पत्र्यासाठी किंवा ॲक्रिलिकसाठी असतात, जाड लाकडात त्यांची क्लिप पकडतच नाही, तुम्हाला लांब आटे असलेली, खालून नट लावायची बटणं लागतील. अमेरिकन पद्धतीची बटणं यासाठीच असतात, त्यांना भोक साधारण २८ ते २९ मिमी लागतं, जपानी ३० ला, स्टार्टची छोटी २४ ला. बटणं हातात आल्याशिवाय ड्रिल बिट घेऊ नका. (अमेरिकन घेतलीत तर कड मोजून वरचा ३६ चा हिशोब पुन्हा करा.) दोन, जपानी स्टिक खालून अशीच लावली तर दांडा १८ मिमी लाकडातच जातो आणि वर नुसता गोळा राहतो, बोटांत धरायला काही नाही. मग खालून राउटरने (लाकूड खोदायच्या मशीनने) खोदून तिथली जाडी ६-७ मिमीवर आणा. त्या पातळ एमडीएफमध्ये लाकडाचे स्क्रू टिकत नाहीत, वरून चपट्या डोक्याचे बोल्ट टाका आणि खालून नट, डोकी ओव्हरलेखाली झाकली जातात. खोदकाम नको असेल तर लांब दांड्याची स्टिक घ्या.

भोकं फोर्स्टनर बिटने (लाकडात मोठं, साफ गोल भोक पाडणारा बिट), खाली टाकाऊ फळी घट्ट क्लॅम्प करून, नाहीतर बिट बाहेर पडताना खालची बाजू फाटते. वर ॲक्रिलिक टाकणार असाल तर ते दोन फळ्यांच्या मध्ये दाबून हळू ड्रिल करा, मी घाई केली आणि शेवटच्या भोकाला तडा गेला, शेवटच्याच. पॉलीकार्बोनेट त्यामानाने सोशिक असतं.

वायरिंग लोकांना वाटतं तेवढं अवघड नाही. प्रत्येक स्विचला दोन टोकं, एक सगळ्यांचं कॉमन ग्राउंड, एका बटणावरून दुसऱ्यावर माळेसारखं नेत जायचं, दुसरं एन्कोडरच्या (बटणांचे सिग्नल कॉम्प्युटरला देणारा छोटा बोर्ड) आपापल्या पिनला. सोल्डर नको, क्रिम्प केलेले (पक्कडीने वायरीवर दाबून बसवलेले) टर्मिनल लावा, बटण बदलताना आशीर्वाद द्याल. टर्मिनलची रुंदी बघून घ्या, ४.८ मिमी आणि २.८ मिमी दोन्ही चालतात बाजारात आणि एक दुसऱ्यावर बसत नाही. प्रत्येक प्लेयरला वेगळा यूएसबी गेमपॅड एन्कोडर स्वस्तात पडतो पण दोन सारखेच बोर्ड असले की कधीकधी रीस्टार्ट केल्यावर पहिला दुसरा होतो आणि दुसरा पहिला. कीबोर्ड म्हणून ओळख देणारा एन्कोडर घेतला तर ही कटकट नाही, मेममध्ये (जुने आर्केड गेम कॉम्प्युटरवर चालवणारं सॉफ्टवेअर) पहिल्या प्लेयरला ॲरो की, लेफ्ट कंट्रोल, ऑल्ट, स्पेस असं आधीपासूनच ठरलेलं असतं, कॉइनला ५, स्टार्टला १.

एक्झिटचं बटण मात्र पॅनलच्या वर कुठेही नको. माझं स्टार्टच्या शेजारी होतं, भावाने विक्रमी स्कोअरवर असताना हात टेकवला आणि गेम बंद, तो अजून बोलतो त्याबद्दल. आता मी स्टार्ट १ धरून स्टार्ट २ दाबलं की एस्केप असं ठेवलंय, बऱ्याच एन्कोडरवर ही शिफ्टची सोय असते. आवाज आणि पॉज पॅनलच्या पुढच्या उभ्या पट्टीवर खाली लावा.

पॅनलला मागून बिजागरी लावून वर उघडेल असा करा, आणि वायरी उघडलेल्या स्थितीत मोजून कापा, बंद स्थितीत मोजल्या तर पहिल्यांदा झाकण उचलताच चार टर्मिनल निघून हातात येतात.

ते वीस गेम लिहून झाले की इथेच खाली टाका, ट्रॅकबॉल ठेवायचा की नाही ते मग सांगतो.