घेतलंस की संपलं

बाळा,

रामकृष्ण हरी. तुझा निरोप ऐकला. एवढी लांबण कशाला लावलीस? मला दोनच गोष्टी कळायला हव्या होत्या आणि त्या तू अगदी शेवटी सांगितल्यास. सप्त्याचा सगळा खर्च एकटा माणूस करतोय, त्याला जिल्हा परिषदेला उभं राहायचंय. आणि तुझी कीर्तनाची बिदागी त्यानं आधीच पाकिटातनं घरी पोचवलीय, नेहमीपेक्षा बरीच मोठी. मधल्या भागात तू मला विचारतोस, धर्माच्या माणसानं राजकारणावर बोलावं का. इंद्रायणीवर प्रदूषणानं येणाऱ्या फेसावर बोलतो म्हणालास तर गावातली जाणती मंडळी म्हणाली, महाराजांनी अध्यात्मापुरतंच बोलावं. आणि तीच मंडळी म्हणतात, काल्याच्या, म्हणजे सप्त्याच्या शेवटच्या दिवशी, खर्च करणाऱ्या साहेबांबद्दल दोन शब्द होऊ द्या.

म्हणजे दोन शब्द चालतात, फेस चालत नाही. हे तुला खटकलं म्हणून लिहायला बसलो. नाहीतर हल्ली मला पत्राचा कंटाळा येतो.

बोलावंच. आळंदीत चार वर्षं काढलेल्या पोराला हे मी सांगायचं? १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले, विठ्ठलाचं मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून. एक तारखेपासून दहा तारखेपर्यंत. बसायला जागा दिली तनपुरे महाराजांनी, स्वतःच्या मठात. ते राजकारण होतं की धर्म? तुकडोजी महाराजांना १९४२ साली इंग्रजांनी तुरुंगात टाकलं, ते काही खंजिरी वाजवली म्हणून नव्हे. गाडगेबाबा कीर्तनात सावकाराच्या कर्जावर बोलायचे, दारूवर, शिवाशिवीवर, नवसाच्या बोकडावर. अलीकडचं हवं असेल तर २००८ साल घे. चाकणजवळ शिंदे-वासुलीला डाऊ केमिकल्सचं संशोधन केंद्र येणार होतं, तेव्हा नदी नासेल म्हणून गावकऱ्यांसोबत वारकरी उभे राहिले आणि शेवटी कंपनीला ती जागा सोडावी लागली. तिथं जाळपोळ झाली ती मला तेव्हाही पटली नव्हती, आजही पटत नाही. पण नदीसाठी वारकऱ्यानं उभं राहू नये असं म्हणणाऱ्यानं आळंदीच्या घाटावर एकदा त्या फेसात बुडी मारून दाखवावी.

तर तो प्रश्न निकालात निघाला. आता माझा प्रश्न. तू घेतलंस का?

गाडगेबाबांचं नाव आपण सगळेच घेतो, पण एक गोष्ट सोयीनं गाळतो. त्या माणसाच्या शब्दावर लोक पैसा ओतायचे. त्यातनं धर्मशाळा उभ्या राहिल्या, आणि पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊनच टाकली. स्वतः मागून आणलेली भाकर गाडग्यात घेऊन खाल्ली. म्हणून समोर सावकार बसलेला असताना सावकारावर बोलता आलं. तुकोबांचा दंडक तर तुला पाठ आहे. जिथं कीर्तन करावं तिथं जेवू नये, कपाळी बुका लावून घेऊ नये, गळ्यात माळ घालून घेऊ नये, आपल्या बैलाला वैरणसुद्धा मागू नये. पैसे घेणारा नरकात आणि देणाराही. या अभंगावर तू परीक्षेत पानभर लिहिलं असशील. आता पाकीट समोर आहे तर राजकारण आणि धर्माची चर्चा काढतोस!

घेतलंस की संपलं. मग तू नदीवर बोललास काय आणि नाही बोललास काय.

तू म्हणशील, तुम्ही तरी कुठं फुकट कीर्तनं केलीत? नाही केली. येण्याजाण्याचं भाडं घेतलं, गावच्या पट्टीतनं जे येईल ते घेतलं. तुकोबांच्या मापानं मीही नापासच. पण पट्टीत कुणाचे वीस, कुणाचे शंभर, एखाद्या म्हातारीचं शेरभर धान्य. त्यात कुणा एकाचं तोंड नसतं. दुसऱ्या दिवशी कुणी म्हणू शकत नाही, महाराज माझे आहेत. ही मी काढलेली पळवाट आहे असं तुला वाटलं तर वाटू दे. मला तीवर झोप लागते.

आणि घेणं म्हणजे नुसतं पाकीट नव्हे. २०२४ ला, विधानसभा तोंडावर असताना, सरकारनं दर दिंडीला २० हजार रुपये जाहीर केले. ज्यांनी घेतले त्यांना मी नावं ठेवत नाही, टँकरला, तंबूला पैसा लागतो. पण घेतल्यावर त्याच सरकारला पालखीमार्गावरच्या मुक्कामातल्या संडासांबद्दल खडसावणारे किती निघाले, ते तूच आठव. पद हे तर पाकिटाहून वाईट. माझ्याबरोबर शिकलेला एक जण होता, आवाज असा की मृदंगवाला हात थांबवून ऐकायचा. त्याला एका समितीवर घेतलं. आता तो फक्त नामाचा महिमा सांगतो. नामाचा महिमा मोठाच आहे, पण दुष्काळाच्या वर्षीही तोच? त्याच्या आवाजाचं मला अजून वाईट वाटतं.

दुसऱ्याचं वाक्य घेणं हेसुद्धा घेणंच. जादूटोणाविरोधी कायद्याच्या वेळी आपल्यातले कित्येक जण मसुदा न वाचता रस्त्यावर उतरले. वारी बंद होणार, अशी आवई होती. दाभोलकरांचा खून झाला, २०१३ च्या डिसेंबरात कायदा झाला, वारी चालूच आहे. उद्या नदीवर बोलशील तर आधी वाच, विचार. लोणावळ्याकडून येणाऱ्या पाण्यात कुठल्या नाल्यातनं काय मिसळतं, त्यात कारखान्यांचं किती, महापालिकेचं सांडपाणी किती, हे जाणणारी माणसं पिंपरी-चिंचवडमध्ये आहेत. त्यांच्याकडे जा. आणि सत्तेत कोण आहे ते बघून आवाज वरखाली करू नकोस.

साहेबांच्या दोन शब्दांचं म्हणशील तर ते कायद्यातही अडकतं. १९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा लोकसभा-विधानसभेच्या निवडणुकांचा, जिल्हा परिषदेचा नव्हे, पण त्यात धर्माच्या नावानं मत मागणं हा निवडणुकीतला भ्रष्ट आचार धरलाय, आणि अमक्याला मत नाही दिलं तर देव कोपेल असं भासवणंही. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांपुढे २०१७ ला पुन्हा हा विषय आला, चार विरुद्ध तीन असा निकाल लागला आणि धर्माच्या नावानं मत मागण्याची बंदी आणखी कडक झाली. आणि १९८८ चा एक कायदा तर आहेच, देवळाची जागा राजकीय कामाला वापरू दिली तर पाच वर्षांपर्यंत कैद. पण कायद्याच्या भीतीनं गप्प बसणार असशील तर मला त्याचं कौतुक नाही. नाही घेतलंस तर ते दोन शब्द तुझ्याकडे मागायची कुणाची छाती होणार नाही.

मला आडमुठा म्हणतात, ठाऊक आहे. मोठे सप्ते माझ्या वाट्याला येईनासे झाले. थोरल्याचं इंजिनिअरिंग अर्ध्यावर राहिलं, तो आता पिकअप चालवतो. तुझी काकू भांडणात हेच काढते, आणि तिचं चुकत नाही. पण मी घेतलं असतं तर आज तू मला विचारलं असतंस का? एवढं मला तिला सांगता येत नाही, तुला सांगतो.

पाकीट उघडू नकोस. उद्या सकाळी त्यांच्या घरी जा, वीणेकऱ्याला सोबत ने, नाहीतर संध्याकाळपर्यंत आकडा बदलून गावभर होईल. चिडायचं नाही, प्रवचन द्यायचं नाही. चहा दिला तर पी, तुकोबांनी चहाचं काही लिहिलेलं नाही. गावाला म्हणावं पट्टी काढा, कमी पडलं तर मांडव लहान घाला, पण फ्लेक्सवर फोटो नको. ऐकलं नाही तर तुझ्या जागी दुसरा कीर्तनकार त्यांना दुपारपर्यंत मिळेल. मग तू इकडे ये. आमच्या मारुतीच्या पारावर कीर्तन लावू. टाळकरी मोजकेच आहेत, आणि मृदंगाला शेजारच्या वाडीतलं पोर असतं, ते लयीत जरा पळतं, तेवढं सांभाळून घे.